डोळ्यातला केशरी सूर्य

"खोटं वाटेल तुम्हाला ताई, पण थेंब पडले की बाहुली दारासारखी सताड उघडते," डोळ्यांच्या दवाखान्यात म्हातारा शेजारच्या बाईंना म्हणाला. बाई तपासणीची तारीख पुढे ढकलायला उठल्या होत्या.

"आणि दिसेनासं झालं तर?"

"छे हो, थोडा वेळ अंधुक. मघाशी मला घातले ना! डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं, डोळ्याच्या तळाशी केशरी सूर्य आणि त्यातून फुटलेल्या लाल नद्या. एवढा ऐवज जन्मभर घेऊन हिंडतोय, मला पत्ताच नाही."

बाई हळूच खाली बसल्या. "माझ्याही डोळ्यात असेल?"

"असणारच."

त्यांनी वाकून त्याच्या डोळ्यांत निरखून पाहिलं.

"काका, तुमच्या बाहुल्या तर मोहरीएवढ्याच आहेत. थेंब कुठले घातलेत? मघाशी तुमचा नंबर पुकारला, तेव्हा मान खाली घालून बसलात. उठा, दोघं एकदमच जाऊ."