काचेवर अडकलेला थेंब

धाकटी : हे बघ ना ताई, थेंब सगळीकडून घरंगळतोय, इथंच कसा अडकतोय? काल ही काच अळूच्या पानासारखी कोरडी राहत होती.

ताई : धूळ बसली असेल.

धाकटी : धूळ तर थेंबाबरोबर निघून जाते, तेच तर दाखवायचंय आज! प्रयोग बघायला पाहुणे खाली येऊन बसलेत आणि तुला थट्टा सुचतेय.

ताई : मग दुसरी काच घे.

धाकटी : दुसरी आहे कुठं? पाणी झटकणारा आपला लेप नीट बसलाय तो या एकाच काचेवर. थांब, उजेडात धरते. ताई, ही जागा चकचकीत झालीय. अंगठ्याएवढी. कुणीतरी घासलंय.

ताई : झाडलोट करणाऱ्या मावशींनी पुसली असेल.

धाकटी : मावशींनी अख्खी पुसली असती. लेपाचे बारीक उंचवटे मोडले की पाणी चिकटतं, हे या प्रयोगशाळेत साहेब सोडले तर फक्त आपल्या दोघींना माहीत आहे.

ताई : हो, मीच घासलं! बोल! तुला इथं कुणी आणलं? थेंब कसा सोडायचा ते कुणी शिकवलं? मी इतकी वर्षं लेप गुळगुळीत करत बसले. तू आलीस, म्हणालीस, पान तर खरबरीत असतं, आणि साहेब तुला डोक्यावर घेऊन नाचायला लागले. घरी आईचंही तेच. पोटात दुखतं माझ्या, कळलं?

धाकटी : म्हणून अंगठा घासलास?

ताई : आधी नुसता लावून बघितला, लेप टिकतो का ते. टिकला नाही. इतकं बरं वाटलं मला, की मग जोर लावून घासलं.

धाकटी : लेप टिकत नाही, हे मला सांगायचंस ना!

ताई : म्हणजे तूच उपाय काढणार! पानावरचं मेण झिजलं, तर पान नवं मेण तयार करतं. काच कुठून आणणार? हे मला सुचलंय. मला! तेही तुलाच देऊ?

(जिन्यावर पावलं वाजतात.)

धाकटी : आले ते.

ताई : सांग जा, सख्ख्या बहिणीनं घात केला म्हणून.

धाकटी : हात घासला की लेप मोडतो, एवढं सांगते. आणि पानाच्या मेणाचं ताईला सुचलं, तिच्याकडूनच ऐका, म्हणते.

ताई : एवढी चांगली वागू नकोस गं. याचाच तर जळफळाट होतो माझा.