रद्द झालेल्यांचे कप्पे

(दवाखान्याची मशीन रूम, दुपार. सून इथली प्रोग्रामर, सासरे इथूनच निवृत्त झालेले.)

सून : मी डबा विसरले म्हणून आलात म्हणता, बाबा. माझा डबा तर हा माझ्या पिशवीत. मग हा कुणाचा?

सासरे : असू दे, संध्याकाळी भूक लागेल. सकाळी मशीन पडलं म्हणे?

सून : तुम्हाला कुणी सांगितलं?

सासरे : कळतं. आता चालू झालंय ना? मग तो डंप पुसून टाक. उगाच जागा अडवतो.

सून : पुसू? मशीन पडलं तेव्हा मेमरीत काय होतं, ते सगळं त्यातच आहे. चारपर्यंत कारण सांगायचंय. साहेब म्हणतात माझ्याच बदलामुळे झालं. दुसरं काही सापडलं नाही, तर उद्यापासून घरी.

सासरे : लिही, वीज गेली होती.

सून : तुम्ही सांगताय हे? साहेब अजून तुमच्या कामाचे दाखले देतात! बाबा, पाणी कुठेतरी मुरतंय.

सासरे : तुला मेलीला सगळ्यातच संशय.

सून : बघूच. ही दिली कमांड. हा पूल, म्हणजे मेमरीतल्या कप्प्यांचा साठा. प्रत्येक अपॉइंटमेंटला एक कप्पा, काम झालं की परत. एकूण आठ हजार. मोकळे... एकही नाही.

सासरे : गर्दी असेल.

सून : सकाळी सहाला? थांबा, कप्प्यांत काय आहे ते बघते. रद्द, रद्द, ही पण रद्दच! अपॉइंटमेंट रद्द झाली की कप्पा परतच करत नाही हा प्रोग्राम. आणि वर ही प्रोग्राम लिहिणाऱ्याची खूण... बाबा, ही तर तुमची.

सासरे : घाई होती गं तेव्हा. दर रविवारी मशीन बंद करून चालू करायचो, सगळे कप्पे आपोआप रिकामे. वीस वर्षं निभावलं.

सून : आणि तो रविवारचा बंद मागच्या महिन्यात मी काढून टाकला. म्हणजे साहेबही अगदीच खोटं बोलत नाहीत.

सासरे : लिही माझं नाव.

सून : ते लिहीनच. पण जेवताना सांगितलं होतं मी तुम्हाला, रविवारचा बंद काढतेय म्हणून. तुमचा घास हातातच राहिला होता. मला वाटलं, तिखट लागलं.

सासरे : तिखट नव्हतं गं.

सून : नुसतं 'काढू नकोस' म्हणाला असतात, तरी ऐकलं असतं मी.

सासरे : ऐकलं असतंस गं. पण आधी 'का' म्हणून विचारलं असतंस.