कॅप्रीला तुळस कुठली?

परदेशात, नोव्हेना भागातल्या हार्ट क्लिनिकमध्ये नंबराची वाट बघून सुचित्रा पार कंटाळली होती. तेवढ्यात शेजारच्या म्हाताऱ्या जोडप्याचं मराठी तिच्या कानावर पडलं. आजोबा वैतागले होते.

“रोमपर्यंत विमान, नेपल्सपर्यंत गाडी, मग कॅप्रीची बोट. पोरीचं लग्न आहे की चारधाम?”

“तुम्ही एकटेच जा. मी दमले हो आता.”

“आईच नाही म्हटल्यावर मधुवंतीला काय वाटेल?”

“मुलीची आई लग्न बघते कुठे? मंगलाष्टकं चालू असताना ती तुळशीला पाणी घालत असते. माझी तुळस इथे टॅम्पिनीसच्या घरी, बाल्कनीत आहे. कॅप्रीला कुठली आणणार?”

“तिकडे पिझ्झावर घालतात म्हणे.”

“थट्टा पुरे. तिकडे अक्षता पडतील तेव्हा मी इथे पाणी घालीन, झालं.”

“पोरांनी गोरज मुहूर्त धरलाय. सूर्यास्ताला फोटो छान येतात म्हणून. इथे तेव्हा मध्यरात्र उलटलेली असेल.”

आजींनी बोटांवर तास मोजले.

“दिवेलागणीनंतर तुळशीला पाणी घालत नाहीत हो.”

“माहितीये मला.”

“मग डॉक्टरांना विचारून तरी बघा, मला बोट झेपेल का ते.”

“तेवढंच विचारायला तर आणलंय तुला.”