तिसरा फोन

— नाही नाही, ते वाक्य तेवढं परत घ्या. 'मी कुणाला त्रास देणाऱ्यातली नाही' — इथं हे वाक्य चालत नाही. बाकी काहीही बोला. डॉक्टरांना शिव्या घाला, मला घाला, त्या वजनकाट्याला घाला, सगळेच घालतात. पण ऑपरेशननंतर दुखलं, खुपलं, नुसतं कसंतरी झालं तरी फोन करायचा. काय होतंय ते कळत नाहीये, एवढं सांगायलासुद्धा करायचा. हा घ्या नंबर. दवाखान्याचा नाही, माझा स्वतःचा. कागदावर नको, कागद हरवतो, मोबाईलमध्ये घाला — घातलात? वाजवून बघा. हं, वाजला. आता ठीक.

बसा ना. डॉक्टर यायला अजून पाऊण तास आहे, फार लवकर आलात तुम्ही. खुर्ची नको, त्या बाकावर बसा, ऐसपैस. तो मी करून घेतलाय सुताराकडून. आधी इथं हातांच्या खुर्च्या होत्या, सगळ्या दवाखान्यांत असतात तशा. आता बघा, वजनाच्या ऑपरेशनचा दवाखाना आणि खुर्च्या अशा — पण कुणाच्या लक्षातच आलं नाही, माझ्याही नाही. एक शिक्षिका यायच्या. दीड तास उभ्या. मी म्हटलं, बाई, बसा की. तर म्हणाल्या, शाळेत उभं राहायची सवय आहे. मला खरंच वाटलं! त्या आत गेल्यावर शेजारच्या पेशंटनं सांगितलं, मागच्या वेळी उठल्या तेव्हा खुर्ची पण त्यांच्याबरोबर उठली होती, आणि समोरचा माणूस हसला होता. त्याच आठवड्यात सुताराला बोलावलं. काटासुद्धा मीच पडद्याआड नेला. आकडा मी मोठ्यानं वाचत नाही कधी — लिहून घेते, तुम्हाला दाखवते, झालं. लोकांनी आयुष्यभर तो आकडा दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेला असतो हो. नवऱ्याच्या, सासूच्या, शिंप्याच्या. तुमच्या जावेनं काय म्हटलं ते मघाशी सांगितलंतच की तुम्ही.

काय म्हणालात? हो, ते मोबाईलवर लिहिलेलं मीही वाचते. 'डॉक्टर रोज संध्याकाळी स्वतः फोन करून विचारपूस करतात.' खरं आहे. घरी गेल्यावर चौदा दिवस, एकही चुकवत नाहीत. मुलीच्या लग्नातसुद्धा मांडवाबाहेर उभे राहून तीन पेशंटना फोन केलेत त्यांनी, मी होते तिथं. 'असा देवमाणूस बघितला नाही' असं लिहितात लोक. पूर्वी नव्हतं हो असं. पूर्वी 'हात चांगला पण बोलणं तुसडं' असं लिहायचे, आणि ते काही खोटं नव्हतं. एवढं वाढू कसं दिलंत, असं एकीला तोंडावर म्हणाले होते, ती त्या जिन्यात बसून रडली होती. ते माणूसच बदलले. चार वर्षांपूर्वी बदलले. —मग डॉक्टर स्वतः फोन करतात तर माझा नंबर कशाला? बरोबर विचारलंत. सगळे घेऊन टाकतात मुकाट्यानं, तुम्ही पहिल्याच विचारताय.

आमचे एक पेशंट होते. कात्रीवाले म्हणायचो आम्ही त्यांना — सलून होतं त्यांचं, दोनच खुर्च्यांचं. म्हणायचे, ताई, मी गिऱ्हाईकापाशी पोचायच्या आधी माझं पोट पोचतं, गिऱ्हाईक मान पुढं घेतं आणि कल्ले वाकडे होतात. आम्ही हसायचो, तेही हसायचे. पण गुडघे गेले होते त्यांचे. दिवसभर उभ्याचं काम, संध्याकाळी बायको बादलीत गरम पाणी घेऊन बसायची पाय शेकायला. आणि गिऱ्हाईकं तुटत चालली होती, ते मात्र हसत सांगायचे नाहीत. एका जुन्या गिऱ्हाइकानं म्हणे सांगितलं होतं, तुमचा घाम पडतो हो मानेवर. त्या दिवशी शटर ओढून ते सरळ इथं आले. पहिल्यांदा आले ते तसेच, खांद्यावर पंचा. आठ महिने आले. मधुमेह ताब्यात आणा म्हटलं, आणला. दोन आठवडे पातळ खा म्हटलं, खाल्लं. असा शहाणा पेशंट मी इतक्या वर्षांत बघितला नाही. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मला म्हणाले, डॉक्टरांचे कल्ले एकसारखे नाहीत, डावा बोटभर खाली आहे, मला सारखं तेच दिसतं — बरा झालो की पहिलं काम ते.

झालं ऑपरेशन. छान झालं. तुमचं व्हायचंय तेच — जठराचा मोठा भाग काढतात आणि उरलेल्याची नळी शिवतात, डॉक्टर तुम्हाला चित्र काढून दाखवतीलच. तिसऱ्या दिवशी चालत घरी गेले. सहाव्या दिवशी, शनिवार होता, सकाळी त्यांचा फोन आला. डावा खांदा दुखतोय म्हणाले. आता हे तुम्हालाही होणार, आत्ताच सांगून ठेवते, घाबरू नका — ऑपरेशनला पोटात हवा भरतात ना, ती खांद्याला लागते. सगळ्यांना होतं. मी शेकडो लोकांना सांगितलंय, चाला, घोट घोट पाणी घ्या, जाईल. त्यांनाही तेच सांगितलं. त्यात काही चूक नव्हती. डॉक्टरांनीही तेच सांगितलं असतं. एकच फोन होता, आणि त्याला बरोबर उत्तर दिलं मी. फाईलमध्येही तसंच आहे — सकाळी एक फोन, खांदेदुखी, नेहमीचा सल्ला दिला. डॉक्टरांच्या अक्षरात आहे.

पण नव्हता तो वाऱ्याचा खांदा. आतली शिवण एका ठिकाणी सुटली होती. शंभरात एखाद्याचं होतं असं. लवकर कळलं तर वाचतात, सगळे वाचतात जवळजवळ — म्हणून तर तुमच्या मागे लागलेय. दुपारी चारला त्यांच्या बायकोचा फोन आला, ताई, यांचे हातपाय गार पडलेत. मी किंचाळलेच, रिक्षा करा, गाडी करा, थांबू नका. डॉक्टरांनी लगेच पुन्हा पोट उघडलं. नऊ दिवस काढले त्यांनी यंत्रांवर. मी रोज जायचे. दाढी वाढली होती त्यांची, आणि मला सारखं तेच वाटायचं, हा माणूस रोज पहाटे उठून आधी स्वतःची दाढी करणारा. दहाव्या दिवशी गेले.

…पाणी देऊ तुम्हाला? नको? मी घेते.

तुम्ही घाबरलात. मी पण काय, नव्या पेशंटला हे सांगत बसले. मी असं कुणाला सांगत नाही. तुमचं ऑपरेशन चांगलं होईल हो, डॉक्टरांचा हात खरंच चांगला आहे, आणि आता तर ते — काय? सकाळी खांदा दुखत होता तर मधल्या वेळात पुन्हा नाही का केला फोन त्यांनी?

केला होता. साडेबाराच्या सुमाराला. छातीत धडधडतंय म्हणाले, बसल्या जागी घाम फुटलाय. आवाज नेहमीचाच, गमतीत बोलत होते, म्हणाले, ताई, माझं इंजिन उतारावर सुटल्यासारखं पळतंय. मी म्हटलं, तुम्ही घाबरलाय, आडवे व्हा, डॉक्टर ऑपरेशनला आहेत, बाहेर आले की सांगते. आणि चिठ्ठी लिहिली मी. खरंच लिहिली — नाव, वेळ, धडधड, घाम. डॉक्टर एकाला आले बाहेर दहा मिनिटं. इथंच उभं राहून खात होते. चिठ्ठी माझ्या हातात होती. पण त्याच आठवड्यात ते माझ्यावर ओरडले होते, सगळ्या लोकांसमोर — प्रत्येकाच्या ढेकरेसाठी मला बोलावणार आहात का, इतकी वर्षं काय शिकलात? —ते मला लागलं होतं. मी म्हटलं, ठीक आहे. मला कळतं की. इतकी वर्षं बघतेय, घाबरलेला पेशंट कोणता आणि आजारी कोणता, मला आवाजावरून कळतं. चिठ्ठी खणात टाकली. ते हात धुऊन पुन्हा आत गेले.

आणि डॉक्टरांनी मला विचारलं होतं. कात्रीवाले गेले त्या संध्याकाळी, इथंच, तुम्ही बसलाय तिथं बसून. किती वेळा फोन आला होता त्यांचा? मी म्हटलं, एकदा. सकाळी. खांद्यासाठी. तोंडातून गेलंच ते. त्यांनी मान हलवली. म्हणाले, तुमचं काय चुकलं त्यात, चूक माझी, सहा दिवसांत मी एकदा तरी आपणहून विचारायला हवं होतं. लहान मुलासारखे रडले हो. दुसऱ्या दिवसापासून ते फोन सुरू झाले. रोज संध्याकाळी सहाला वही उघडतात आणि एकेक नंबर लावतात, आणि मी इथं बसून ऐकते — कसं वाटतंय, खांदा कसा आहे, धडधडत नाही ना? लोक म्हणतात देवमाणूस. मी ऐकते. चार वर्षं रोज ऐकते.

तुम्ही अशा बघू नका माझ्याकडे. सांगू नये ते सांगितलंय, आता उरलंय तेही ऐका, नाहीतर रात्रभर मला वाटत राहील की तुम्हालाही मी अर्धंच सांगितलं. तिसरा फोन पण आला होता. दोन वाजता. मी डबा उघडला होता. फोनवर नंबर दिसतो आमच्या, आणि तो नंबर मला तोंडपाठ होता, आठ महिने येत होता ना. मी बघितला. मनात म्हटलं, असू दे, दोन घास खाते, मग उचलते. वाजत होता. मी खात होते. वाजून वाजून बंद झाला. मग डबा धुतला, मग कुणीतरी रिपोर्ट घ्यायला आलं, मग — राहिलंच. चारला बायकोचा आला तेव्हा आठवलं. एवढंच. दुसरं काही कारण नाही. लोकांना वाटतं, अशा गोष्टीला काहीतरी मोठं कारण असेल. मी घरी दुःखात असेन, कामाचा डोंगर असेल. नव्हतं हो काही. भूक लागली होती.

त्यांची बायको आली होती महिन्यानं. मी म्हटलं, आता ही बोलणार, बोलू दे, सुटेन मी. तिच्या हातात प्रोटीनच्या पावडरीचे डबे. पेशंटला देतो ना आपण, त्यातले न फोडलेले तीन राहिले होते. म्हणाली, कुणा गरजवंताला द्या, घरात बघवत नाहीत. आणि माझा हात धरला तिनं. म्हणाली, सगळीकडे हिडीसफिडीस झाली त्यांची, तुम्हीच तेवढ्या माणसासारख्या वागलात. ते म्हणायचे, ताईंशी बोललं की निम्मं दुखणं जातं. त्या दिवशी मी एकाला म्हटलं होतं, चला, समोरच्या दवाखान्यात तरी दाखवू. तर म्हणाले, कशाला, ताईंना सांगितलंय, ताई डॉक्टरांना सांगणार आहेत, त्यांचा फोन येईल. मग दोनला म्हटलं, तर स्वतः लावला फोन, कुणी उचलला नाही, तर मलाच म्हणाले — बघ, डॉक्टरांशीच बोलत असतील ताई.

बघा. तसे बसून राहिले ते. मोबाईल छातीवर ठेवून. मी सांगणार आहे म्हणून.

तिला मी चहा दिला. ती चहा घेऊन गेली. पत्ता आहे माझ्याकडे तिचा, सलून आता भाच्याला चालवायला दिलंय म्हणे. दोनदा गेले त्या गल्लीत, कोपऱ्यावरून परत आले. डॉक्टरांना सांगायचं तर रोज ठरवते. सहाला वही उघडली की ठरवते. मग वाटतं, आता सांगून त्यांचं काय होईल? चार वर्षं ज्या चुकीपायी हा माणूस सुधारला, ती त्यांची नव्हतीच म्हणून सांगायचं? की मला माझीच नोकरी — नाही, नोकरीचं नाही. माझ्याकडे ते ज्या नजरेनं बघतात ना, तुम्ही नसता तर मी मोडलो असतो म्हणतात, ती नजर —

ती बघा, लिफ्ट. आले. आज लवकर आले. डोळे पुसा तुमचे, त्यांना वाटेल मीच रडवलं — मीच रडवलं म्हणा. नमस्कार डॉक्टर! हो, आल्यात ना त्या, केव्हाच्या बसल्यात. फाईल तयार आहे. साखरेचा रिपोर्ट वरतीच लावलाय. हो, पाठवते.

घ्या फाईल. उठा. आत्ता या म्हणतायत. काय? … त्यांना काय सांगायचं, काय नाही, ते तुमचं तुम्ही बघा, मी अडवणार नाही. जा. आणि दार लावून घ्या. नीट लावा, ते अर्धवट राहतं.