थाळकऱ्याची लेक

मी सुरगाण्याच्या पुढची, गुजरातच्या हद्दीला लागून आमचा पाडा, कोकणा जमातीची माणसं आम्ही, नागली आणि भात पिकवणारे, आणि पिकलेलं संपलं की दिंडोरीकडं द्राक्षाच्या बागांत नाय तर विंचूरला कांद्यावर जाणारे. आता मी नाशकात इंदिरानगरला राहते, आमच्याच डोंगरातल्या मुलींच्या वसतिगृहावर गृहपाल आहे, आणि कादंबरी लिहिली म्हणून तुम्ही माझ्याकडं आलात. पण काय सांगू तुम्हाला, आमच्या घरातलं गोष्ट सांगणारं माणूस मी नव्हेच, तो माझा बा.

बा थाळकरी होता. म्हणजे काय, तर काशाची थाळी, तिच्या मधोमध मेणानं उभी चिकटवलेली काडी, त्या काडीवरून बोटं ओढत राहायची, की थाळी घुमायला लागते, भुंगा घुमतो तशी, आणि त्या घुमण्यावर बा गोष्ट सांगायचा. कणसरीची, आमच्या धान्याच्या देवीची, ती रुसून कशी निघून गेली, माणसं कशी उपाशी मरायला लागली, ती सगळी. पीक घरात आलं की सांगायची, आणि कुणी मेलं की सांगायची. मेलेल्याची वाट लांबची, सोबतीला गोष्ट पाहिजे, असं आमच्या पाड्यावर मानतात. बाईनं थाळीला हात लावायचा नाय, पण ऐकायला कोण अडवतंय? मी त्याच्या पाठीमागं बसून ऐकायची, सगळी पाठ झाली होती मला.

मग आश्रमशाळा. तिथं घरच्या भाषेऐवजी मराठी लागली, आणि मला ती आवडली हो, कुणी जबरदस्ती केली असं मी म्हणणार नाय. पुढं नोकरी लागली, नाशकात आले, लग्न राहूनच गेलं, आणि लिहायला लागले ते मराठीतच. कादंबरी आली तेव्हा एक बाई म्हणाल्या, अहो, तुमचं मराठी किती शुद्ध आहे, वाटतच नाही. काय वाटत नाही ते त्यांनी सांगितलं नाही, मी पण विचारलं नाही. दुसरे एक गृहस्थ म्हणाले, अजून बोली घाला, अस्सल वाटेल. मी दोघांनाही हो म्हटलं. मग कादंबरी पाड्यावर नेऊन बाला वाचून दाखवली, तर बा शेवटपर्यंत ऐकत बसला आणि म्हणाला, चांगली हाय, पण बाय, ही तू कुणाला सांगते? म्हटलं, लोकांना. तर म्हणाला, कुठल्या लोकांना?

त्याच्यानंतरच्या पावसाळ्यात, भाताची आवणी, म्हणजे लावणी, चालू असताना, बा बांधावर पडला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. माझा धाकटा भाऊ देवराम त्याला जीपमध्ये घालून नाशकाला घेऊन आला. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, पण बोलणं पुन्हा शिकवावं लागेल. शिकवायला एक मुलगी घरी यायची, लय गुणाची पोर, चित्रं दाखवायची, नळ, फ्रिज, सफरचंद, आणि म्हणायची, बाबा, म्हणा बरं, नळ. बा नुसता तिच्या तोंडाकडं बघायचा. मी म्हटलं, ताई, यांची भाषा ही नव्हे, आमची वेगळी आहे. तर ती म्हणाली, मग तुम्हीच घ्या ना मॅडम, उलट बरं होईल. मी बसले. आणि काय झालं माहितीये, मला येईना. म्हणजे भाषा येत होती, पण शब्द आधी मराठीत यायचा, मग मी तो फिरवून आमच्यात आणायची, आणि आणेपर्यंत बाची नजर दुसरीकडं गेलेली असायची.

देवराम बसला तर त्यानं काही शिकवलंच नाही, नुसतं बोलत राहिला, बैल लंगडतोय, शेजारणीच्या कोंबड्या मेल्या, वरच्या वावरात डुकरं शिरली, आणि बा हसला. वाकड्या तोंडानं, पण हसला. मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

मग एका दुपारी जेवता जेवता बाने डाव्या हाताचं बोट स्टीलच्या ताटावरून ओढलं आणि त्याच्या तोंडातून कणसरीची ओळ निघाली, सलग, कुठं अडखळणं नाय. पाणी मागता येत नव्हतं त्याला, पण ओळ आली, मग दुसरी आली, आवाज चढला. आम्ही दोघं भावंडं रडत होतो आणि तेवढ्यात दाराची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या काकू. मॅडम, काही मंत्रबिंत्र चालू आहे का, आमच्याकडं बाळ आहे हो लहान. मी म्हटलं, माझे वडील आहेत, देवीचं म्हणतायत. त्या म्हणाल्या, कुठली देवी? एवढी कादंबरी लिहिणारी मी, मला दारात उभं राहून ते सांगता येईना. देवरामनं उठून खिडकी लावून घेतली. बाने ते बघितलं. त्यानंतर त्यानं ताटाला बोट लावलं नाय.

आम्ही त्याला पाड्यावर नेलं, आणि भात कापणीला यायच्या आत तो गेला.

आता सांगा, थाळकरीच गेला तर त्याच्यासाठी गोष्ट कोण सांगणार? पलीकडं गुजरातेत एक म्हातारा थाळकरी होता, निरोप धाडला तर तोच अंथरुणाला खिळलेला. देवराम म्हणाला, मला अर्धीमुर्धी येते, बहिणीला सगळी येते. जाणती माणसं आपापसांत कुजबुजली आणि म्हणाली, थाळीला हात लावू नको, नुसती सांग. मी आमच्या भाषेत सांगायला लागले. सुरुवात चांगली झाली, पण जरा पुढं गेले आणि माझ्या तोंडात पुस्तक शिरलं, त्यामुळे, तरीसुद्धा, त्या क्षणी, असले शब्द यायला लागले, आणि माणसं बघा कशी ऐकत होती, शाळेत गुरुजींचं ऐकतात तशी, गप्प, मान खाली घालून. मी दम घ्यायला थांबले तेव्हा फुली आत्या, बाची बहीण, हळूच म्हणाली, बाय, आमाला समजतंय गं तुझं, पण त्याला समजंल का?

टोमणा नव्हता तो. ती खरंच विचारत होती. मी म्हटलं, मला नाय माहीत आत्या. आणि तशीच शेवटपर्यंत सांगितली, कारण अर्धी सोडणं त्याहून वाईट.

आता प्रकाशक म्हणतात, वडिलांवर लिहा. लिहिते मी, मराठीतच, दुसऱ्या कशात विचारच करता येत नाय मला. कागदावर बा लांबलांब मराठी वाक्यं बोलतो, आणि वाचताना वाटतं हा कोण म्हातारा, मग खोडते, मग परत लिहिते. देवराम म्हणतो, लिही, काहीतरी राहील. राहील हो. पण बा कुठवर पोचला असेल, वाटेत कुठं थांबला असेल का, ते मला कोण सांगणार?

संध्याकाळी वसतिगृहातल्या पोरी धुण्याच्या जागेवर आमच्या भाषेत बोलत असतात, खिदळत असतात, आणि मी दिसले की लगेच मराठीत, नमस्कार मॅडम. मी म्हणते, बोला गं, मला कळतं. त्या लाजून हसतात आणि मी जाईपर्यंत गप्प राहतात. म्हणून आता मी तिकडून जातच नाय, मागच्या जिन्यानं जाते. बोलू देत त्यांना. सुखी राहोत पोरी, कुठंही राहोत.