उजव्या इंजिनावरची मार्जरी

—नाही नाही, एक फोड नको, अख्खा डबाच घेऊन जा, डेनिस. ऑरव्हिल केस कापायला गेलाय, तोवर हा केक घराबाहेर पडू दे. सुक्या मेव्याचा आहे, म्हणजे असं म्हणतात. त्याच्या युद्धातल्या मेकॅनिकची, एल्मरची बायको दर नाताळाला टेनेसीहून पाठवते — विटेसारखा कडक — आणि हा माझा नवरा, माझ्या हातच्या ‘ॲपल पाय’ला नावं ठेवणारा, हा केक मार्चपर्यंत पुरवून कण न् कण खातो. एकदा मी कुत्र्याला घातला, तर दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. कुत्राही नाही बोलला. विचारलं तर सांगेन, बुरशी आली — पण पटायचं नाही, त्या केकला बुरशीसुद्धा घाबरते.

तर तुमच्या म्युझियमचं विमान. रंगवा, युद्धात ऑरव्हिलचं होतं तसंच रंगवा, दोन शेपट्या, दोन इंजिनं, डाव्या इंजिनावर माझं नाव — हेझल — सगळं छान. पण या तुझ्या जुन्या फोटोत उजव्या इंजिनावर हे काय? मार्जरी. चष्मा पुसून पाहिलं, तरी मार्जरीच. आमच्या बैठकीत चाळीस वर्षं फोटो टांगलाय, तो डाव्या बाजूनं काढलेला, त्यात मी एकटीच. शनिवारी समारंभाला चर्चमधली सगळी मंडळी येणार, त्यांना मी काय सांगू — इंजिनं दोन होती म्हणून मैत्रिणीही दोन? बरं झालं, चार इंजिनांचं बॉम्बर नाही चालवलं. तू उजवी बाजू कोरी ठेव, बस — काय? मेकॅनिकचं? डावं इंजिन पायलटच्या मैत्रिणीचं, उजवं मेकॅनिकच्या, अशी पद्धतच होती त्यांच्यात? म्हणजे ही एल्मरची बायको, केकवाली? पार्सलवर तर नेहमी एल्मरचंच नाव असतं. अरे, मग आधी नाही का सांगायचं — मी मघापासून मनातल्या मनात ऑरव्हिलचं सामान अंगणात टाकत होते.

तरीही नको. का म्हणून काय विचारतोस? ते विमान एकाच इंजिनावर परत आलं, माहीत आहे ना? न्यू गिनीच्या समुद्रावर एक इंजिन बंद पडलं, दुसऱ्यानं याला आणलं. दर थँक्सगिव्हिंगला टर्की कापता कापता सांगतो, डोळे भरून येतात त्याचे, आणि मी त्याचा हात दाबते — कारण आणलं कुणी? मी आणलं, माझ्या नावाच्या इंजिनानं. भांडण कशावरूनही असो, मुलांवरून, त्याच्या आईवरून, हुकमाचा पत्ता माझाच — समुद्रावरून तुला घरी कुणी आणलं रे? की तो गप्प. कायम गप्प.

तो दुसरा फोटो कसला, दाखव. उतरल्याबरोबरचा? त्याच दिवशीचा? हा डाग कसला — तेल? आणि या डाव्या पंख्याची पाती अशी वळवलेली का? इंजिन बंद पडलं की अशीच करतात? अस्सं. थांब जरा. तेलाखाली हा — हा ‘ह’ आहे ना? हेझलचा?

डावं बंद पडलं होतं.

आणि हा माणूस चाळीस वर्षं गप्प बसलाय. गप्प बसलाय आणि केक खातोय.

नाही रे, वाईट नाही वाटत. म्हणजे वाटतंय, खोटं कशाला बोलू. पण त्या बाईला मी कधी भेटलेसुद्धा नाही. हे घर, तीन मुलं, आता नातवंडं — सगळं तिच्या नावाच्या इंजिनावर आलं, आणि मी तिचा केक कुत्र्याला घातला.

रंगव तिचं नाव. ठळक रंगव, माझ्यापेक्षा बोटभर मोठं — बरं, अर्धं बोट. आणि शनिवारी त्या एल्मर-मार्जरी दोघांनाही बोलाव, मी बोलावलंय म्हणून सांग. गाडीचा आवाज आला बघ, तो आलाच. तू मागच्या दारानं नीघ, आणि यातलं एक अक्षर त्याला बोलू नकोस, भांडणात ते ‘घरी कुणी आणलं’ मला अजून लागतं.

आणि डेनिस — तो डबा ठेव खाली.