तंबाखूच्या माथी मारलेला खोकला

(बेळगावातल्या एका दवाखान्याचा वॉर्ड. समता खाटेवर पोट धरून कुशीवर पडलेली. तिचे वडील आण्णाप्पा निपाणीहून आत्ताच आलेत. उशाशी बसलेली तानीबाई आण्णाप्पांची बहीण आणि समताची सासू.)

आण्णाप्पा : ऊठ म्हणतोय न्हवं. आपल्या गल्लीतल्या भरमाची जीप खाली उभी हाय. मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात जायाचं.

समता : आप्पा, मी कुठंही येणार नाही. बसा तुम्ही.

आण्णाप्पा : पोट धरून पडलीयास, अंग घामानं भिजलंय. हितं राहून काय फरक पडला? ताने, तू तरी बोल की.

तानीबाई : मी काय बोलू? आल्यापासनं तूच बोलाय लागलायस. आदी पाणी पी.

आण्णाप्पा : पाणी नगो. हा खोकला कशानं झाला ते मला ठावं हाय. हिची आई वखारीत तंबाखू चाळायची, आन् ही तितंच पोत्यावर झोपायची. निम्म्या निपाणीच्या छात्या तशाच गेल्या. मी काल मुकादमाला सांगून आलो, वखारीत परत पाय ठेवणार न्हाय.

समता : काम सोडलंत?

आण्णाप्पा : सोडलं. वखारीतले कपडे बी घरात नगोत.

समता : सोडलंत ते बरंच केलंत, तुमचा खोकला तंबाखूचाच आहे. माझा नाही.

आण्णाप्पा : मग टीबी आसंल. मला फसवू नगो.

समता : टीबीही नाही. थुंकी तपासली, दुर्बीण घालून बघितलं. मी रोज एक गोळी घेत होते, तिच्यामुळं फुप्फुसांना सूज आली, असं डॉक्टरांना वाटतं. फार क्वचित कुणाला होतं म्हणे. त्यांनीसुद्धा पहिल्यांदाच बघितलं.

आण्णाप्पा : गोळी? तुला काय झालतं गोळी घ्यायला?

तानीबाई : सांग गं. सगळ्या वॉर्डाम्होरं सांगितलंस, आता बापाला सांगायला काय झालं?

समता : पाळीची गोळी, आप्पा.

आण्णाप्पा : मी भाईर थांबतो. तुम्ही बाया बोलून घ्या.

तानीबाई : बस खाली. बाप हायस तिचा.

समता : बसा आप्पा. मी माहेरी आले होते आणि तुम्ही मला निपाणीतल्या दवाखान्यात नेलंत, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं होतं, दुसरं काही औषध चालू आहे का? मी तोंड उघडायच्या आत तुम्ही सांगितलंत, "काय न्हाय, वखारीतली पोर हाय." तुमच्यासमोर मला पुढं बोलवेना. खोकल्याचं औषध घेऊन आपण घरी आलो आणि ती गोळी मी घेतच राहिले.

आण्णाप्पा : म्हंजे मीच...

समता : तुम्ही एकटे नाही. गप्प मीच बसले ना.

तानीबाई : हितं मातर गप बसली न्हाय. आण्णा, तू बघाय पायजे हुतंस. मोठा डॉक्टर, त्येच्यामागं शिकाऊ पोरं-पोरी. आमचा बुद्धप्रिय लागला सांगाय, बायकोचं म्हायेर निपाणी, तितं तंबाखू. डॉक्टरनं मान बी हलवली. तवा हिनं नवऱ्याचा हात धरला आन् म्हणाली, मी सांगते. मला पाळीचा आजार हाय, त्येची गोळी चालू हाय, आन् गोळी चालू केल्यावर काय म्हयन्यांनी खोकला आला. धाप लागलीती, तरी सगळं पुरं सांगितलं. डॉक्टर खुर्ची वढून बसला की.

आण्णाप्पा : आन् मग?

तानीबाई : गोळी बंद. छातीसाठी इंजेक्शन चालू. काल नाकातली नळी काढली.

आण्णाप्पा : मग आज अशी का तळमळतीया?

समता : छाती सुधारतेय. बघा, एवढं बोलले तरी दम लागला नाही. गोळी बंद झाली म्हणून पाळी आली, आणि पाळीबरोबर दुखणं. गर्भाशयाच्या आत जे अस्तर असतं, तसलं माझ्या पोटात बाहेरही वाढतं. पाळी आली की तिथंही रक्त येतं, सूज येते.

आण्णाप्पा : कवापासनं हाय हे?

समता : आठवीत होते तेव्हापासून.

आण्णाप्पा : आठवीत तू मला बाराखडी शिकवायचीस.

समता : हो.

आण्णाप्पा : मधीच उठून जायचीस. मला वाटायचं, बाप मठ्ठ हाय म्हणून पोर कट्टाळली.

समता : मोरीत जाऊन बसायचे मी. कळ ओसरली की यायचे. तोवर तुम्ही पुढचं अक्षर गिरवून ठेवलेलं असायचं.

तानीबाई : गोळीच्या आदी येळ्ळूरच्या शाळंत बी तसंच. फळ्याला एक हात टेकून पोरास्नी शिकवायची. त्या पोरास्नी वाटायचं, बाईंची उभं ऱ्हायची रीतच तशी हाय.

आण्णाप्पा : मी पोती उचलली तवा लोकं म्हणायची, गडी लई दमदार. तुझं हे सोसणं कुणी बघितलंच न्हाय. गोळीनं दुखायचं थांबलतं काय गं?

समता : पूर्ण. खोकला सोडला तर फार सुखाचं वर्ष होतं ते, आप्पा. आता ती गोळी परत घ्यायची नाही. छाती बरी झाली की ऑपरेशनचं बघू म्हणतात, तोवर सोसायचं. पण हे इंजेक्शन मध्येच थांबलं तर धाप उलटेल. म्हणून म्हणते, मिरज नको.

आण्णाप्पा : न्हाय, न्हाय. तू हितंच ऱ्हा. मी भरमाला जा म्हणून सांगतो. पर गावभर मीच सांगत सुटलोतो, पोरीची छाती तंबाखूनं गेली म्हणून.

समता : मग आता काय सांगणार?

आण्णाप्पा : खरं हाय ते. आदी भरमालाच सांगतो, लेकीला पाळीचा आजार हाय.

तानीबाई : त्यो लाजून मान खाली घालंल.

आण्णाप्पा : घालू दे. त्येला बी दोन लेकी हाईत.